साठ प्रश्नांची साक्ष

रोग्याला काय विचारावे आणि कोणत्या क्रमाने विचारावे, याची शिस्त चिनी वैद्यकाने फार पूर्वीच घालून ठेवली आहे. पाहणे, ऐकणे-हुंगणे, विचारणे आणि स्पर्श करणे या चार परीक्षांपैकी तिसरीचे सार चांग च्ये-पिन (1563–1640) या मिंगकालीन वैद्याने दहा प्रश्नांच्या पद्यात गोवले. थंडी व ताप यांपासून आरंभ करून घाम, डोके व अंग, मलमूत्र, खाणेपिणे, छाती, श्रवण, तहान असा त्याचा क्रम असून शिष्यांच्या कित्येक पिढ्यांनी तो मुखोद्गत केला. परंतु तेथे विचारणारा वैद्य रोग्यासमोर बसलेला असे. उत्तर ऐकता ऐकता तो पुढचा प्रश्न बदलीत असे, आणि उत्तर देणाऱ्याचा आवाज, चेहरा व उसासा हीही त्याच्या लेखी उत्तरेच असत. हेच प्रश्न जेव्हा छापील कागदावर उतरतात, प्रत्येकापुढे पाच चौकटी आखल्या जातात आणि चौकटींची बेरीज निदान म्हणून सांगितली जाते, तेव्हा रोग्याची परीक्षा घेणाऱ्या त्या कागदाची परीक्षा कोणी व कशी घ्यावयाची, हा प्रश्न उभा राहतो. मला तो निकडीचा वाटतो, कारण कोणत्याही वैद्यापेक्षा कागद किती तरी अधिक माणसांपर्यंत पोहोचतो.

या विषयावर ज्या दोघांचे म्हणणे मी येथे उतरून ठेवीत आहे, ती नात्याने मामा-भाची आहेत. मामांनी हयातभर महाविद्यालयात सांख्यिकी शिकवली. भाची डॉक्टर झाल्यावर बेइजिंगला जाऊन चिनी वैद्यक शिकली आणि आता पुण्यात सुयांचे उपचार करते. त्यांच्यापुढे जो कागद होता तो बेइजिंग चिनी वैद्यक विद्यापीठातील वांग छी यांच्या प्रणालीचा. देहप्रकृतीचे नऊ वर्ग ही प्रणाली मानते : एक समप्रकृती, आणि बाकीच्या आठ कोणत्या ना कोणत्या बाजूला कललेल्या, म्हणजे छी-क्षीण (छी म्हणजे देहातील प्राणशक्ती), यांग-क्षीण (यांग म्हणजे ऊब), यिन-क्षीण (यिन म्हणजे गारवा व ओलावा), कफ-आर्द्र, आर्द्र-उष्ण, रक्त साकळणारी, छी कोंडलेली, आणि जन्मतःच काही पदार्थ न सोसणारी. प्रश्न साठ, ‘मुळीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत उत्तरे पाच, आणि ती गेल्या एका वर्षाचा अनुभव आठवून द्यावयाची. 2009 च्या एप्रिलमध्ये चिनी वैद्यकाच्या तेथील राष्ट्रीय संघटनेने या वर्गीकरणाला मानकाची सनद दिली, आणि 2013 पासून पासष्ट वर्षांच्या व त्यावरील नागरिकांच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत याच पद्धतीची तेहतीस प्रश्नांची संक्षिप्त आवृत्ती दाखल झाली. खेड्यातल्या दवाखान्यात आलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला आपण कोणत्या प्रकृतीचे आहोत व काय खावे-प्यावे हे या तक्त्यावरून सांगितले जाते, इतका त्याचा अंमल आहे.

मामा : या कागदाची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते, तो खोटा ठरवता येतो. नाडीवर तीन बोटे ठेवून ‘छी क्षीण आहे’ असे म्हणणाऱ्या वैद्याला त्याच्याच खोलीत कोण खोटा ठरवणार? 2001 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेली हकीकत तूच मला वाचायला दिलीस. पाठदुखीने वर्षानुवर्षे बेजार झालेली एकच बाई थोड्याच दिवसांच्या अवधीत सात सुईवैद्यांकडे गेली. साती जणांनी मिळून सुया टोचण्याच्या अठ्ठावीस जागा सांगितल्या, आणि त्यांपैकी दोन किंवा अधिक वैद्यांनी सांगितलेल्या अशा जागा निघाल्या चार. बाई तीच, पाठ तीच, दुखणे तेच. अशा साक्षीदारांपेक्षा साठ प्रश्नांचा कागद बरा, कारण तो निदान प्रत्येकाला तेच विचारतो.

भाची : तेच विचारतो हाच त्याचा दोष आहे, मामा. ‘हात-पाय गार पडतात का?’ हा प्रश्न घ्या. ‘नेहमी’ या चौकटीत खूण केली की यांग-क्षीण प्रकृतीच्या खात्यात पाच गुण जमा. आता माझ्याकडे दोन रोगी येतात. दोघांचेही हात गार. एकाचा चेहरा फिकट, जीभ फिकट व ओलसर, लघवी पाण्यासारखी, पांघरूण घेतले की त्याला बरे वाटते. दुसऱ्याचे तळवे गार, पण छाती-पोटाला हात लावावा तर ऊन. जीभ लाल, तहान थंड पाण्याची, स्वभाव चिडका, नाडी तारेसारखी ताणलेली. पहिल्याच्या देहात ऊब कमी आहे. दुसऱ्याच्या देहात ती कोंडली आहे आणि टोकापर्यंत पोहोचत नाही. पहिल्याला मी दवण्याच्या कुळातील वनस्पतीच्या धुमसत्या कांडीचा शेक देईन. दुसऱ्याला तोच शेक दिला तर त्याची झोप उडेल आणि डोके चढेल. लक्षणाचा अर्थ शेजारच्या लक्षणांवरून ठरतो. बेरजेत शेजार नसतो, प्रत्येक आकडा एकटा असतो.

मामा : मग शेजारही विचारात घ्या. हात गार आणि तहान थंड पाण्याची, असे दोन्ही आले तर गुण निराळ्या खात्यात टाकावेत, असा नियम कागदावरही लिहिता येईल. हे कठीण आहे, अशक्य नाही. पण तू ज्या ताणलेल्या नाडीच्या आधारावर एवढी निश्चिंत आहेस, तिची काय खात्री? तुमच्या नाडीशास्त्राचा मूळ ग्रंथ तिसऱ्या शतकातल्या वांग शू-ह याचा. चोवीस नाड्यांची लक्षणे सांगणाऱ्या त्या थोर माणसाने प्रस्तावनेतच कबूल करून ठेवले आहे की, हे भेद मनाला सहज उमगतात, बोटाखाली मात्र नीट स्पष्ट होत नाहीत. सतराशे वर्षांत बोटे बदललेली नाहीत.

भाची : बोटे शिकवता येतात, आणि त्याचे प्रमाण आहे. अमेरिकेतच मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी संधिवाताचे चाळीस रोगी तीन चिनी वैद्यांकडून स्वतंत्रपणे तपासून घेतले. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दोन-दोन वैद्यांच्या निदानांचे एकमत सरासरीने अवघे 31.7 टक्के होते. हे लाजिरवाणे आहे, मी नाकारीत नाही. पण त्याच गटाने पुढे वैद्यांना आधी एकत्र बसवून प्रशिक्षण दिले, कशाला काय म्हणायचे ते ठरवून घेतले, आणि 2008 मध्ये जे प्रसिद्ध झाले त्यात एकमत 73 टक्क्यांच्या घरात गेले. म्हणजे मतभेद शास्त्रात नव्हता, तालमीत होता.

येथे मामांनी चष्मा काढून बाजूला ठेवला. इतका वेळ कागदाची वकिली करणारा हा मनुष्य आता भाचीच्या प्रमाणाचे स्वागत करील, अशी माझी अपेक्षा होती. तसे झाले नाही; या विषयाचे मर्म मला प्रथम दिसले ते त्यांच्या पुढील बोलण्यात.

मामा : एकमत वाढले, याचा मला आनंद करवत नाही. एकाच खोट्या वजनावरून पाडलेली सगळी वजने आपसांत बिनचूक जुळतात. त्यांची रुजवात एकमेकांशी घालून काय उपयोग? तीन वैद्यांना एका खोलीत बसवून ‘अशी जीभ दिसली की असे म्हणा’ असे ठरवले, तर ते तसे म्हणतील. त्यावरून विश्वसनीयता सिद्ध होते, यथार्थता नव्हे. शिवाय 73 या आकड्यात योगायोगाचा वाटा किती, हेही पाहावे लागते. समज, दोन वैद्य शंभरांपैकी ऐंशी रोग्यांना, त्यांच्याकडे ढुंकूनही न पाहता, ‘छी-क्षीण’ असा शेरा मारतात. तरी त्यांचे एकमत शंभरांत अडुसष्ट वेळा होणार. दोघांनीही ‘आहे’ म्हटले असे चौसष्ट, दोघांनीही ‘नाही’ म्हटले असे चार. योगायोगाचा हा वाटा वजा करून उरलेले मोजण्याची रीत जेकब कोहेन यांनी 1960 मध्ये घालून दिली. ती लावल्याखेरीज टक्केवारीचा कोणताही दाखला मी दप्तरी दाखल करून घेणार नाही.

भाची : मग कागदालाही तोच न्याय लावा.

मामा : लावतोच. छी-क्षीण प्रकृतीचे प्रश्न आठ : थकवा चटकन येतो का, धाप लागते का, छातीत धडधडते का, घेरी येते का, सर्दी वारंवार होते का, शांत बसावेसे व बोलू नयेसे वाटते का, आवाज क्षीण आहे का, थोड्याशा हालचालीने घाम फुटतो का. बेरीज कमीत कमी आठ, अधिकात अधिक चाळीस. बेरजेतून प्रश्नांची संख्या वजा करावयाची, तिच्या चौपटीने भागावयाचे आणि शंभराने गुणावयाचे. चाळीस किंवा अधिक आले की प्रकृती त्या वर्गाची ठरली. तीस ते एकोणचाळीस म्हणजे नुसता कल. आता ज्याची बेरीज वीस झाली असा इसम घे. वीसातून आठ गेले बारा, भागिले बत्तीस, साडेसदतीस. याला नुसता कल आहे. त्याने आठांपैकी एकाच प्रश्नाला ‘क्वचित’ऐवजी ‘कधी कधी’ अशी खूण केली की बेरीज एकवीस, गुण चाळीसच्या वर, आणि प्रकृती निश्चित. काल रात्री झोप नीट लागली की नाही, एवढ्यावरून ही खूण इकडची तिकडे होऊ शकते, आणि विचारले आहे ते मात्र संपूर्ण वर्षाचे.

भाची : सीमारेषा कोणत्याही मोजमापात असतेच. रक्तदाबाची नाही का?

मामा : आहे, पण रक्तदाबाच्या रेषेपलीकडे गेलेल्यांचे पुढे काय होते, हे हजारो माणसांवर वर्षानुवर्षे नजर ठेवून पाहिलेले आहे. रेषेला अर्थ येतो तो तिच्यापुढे जे घडते त्यामुळे. या चाळीसच्या पुढे काय घडते, हे मला कोणीतरी तसेच दाखवले पाहिजे. आणखी एक बारकावा सांगतो. समप्रकृतीचेही प्रश्न आठ. त्यांतील थकवा, क्षीण आवाज, उदासपणा, थंडी न सोसणे, विसराळूपणा हे प्रश्न इतर खात्यांतून उचललेले असून येथे फक्त उलट गुणांनी मोजले आहेत. म्हणजे थकव्याची एकच खूण छी-क्षीण खात्यात जमा होते आणि समप्रकृतीच्या खात्यातून खर्ची पडते. मग ‘छी जितकी क्षीण तितकी समता कमी’ असे सुंदर गणित जुळून आले, तर ते निसर्गाने जुळवले की जमाखर्चाने? आणि प्रश्नांची आपसांतली सुसंगती मोजणारा तो क्रोनबाखचा आकडा, 1951 पासून सगळेजण मिरवतात तो. एकच गोष्ट चार शब्दांत फिरवून चारदा विचारली की तो चढतो. तो चढला म्हणजे कागद खरा, असे समजणारे संशोधक मला आयुष्यभर भेटत आले.

हे सारे ऐकताना एक गोष्ट मला नमूद करावीशी वाटली, ती येथे करतो. प्रश्नावलीच्या विरोधकांकडून तिच्यावर जितके कठोर प्रहार होतात त्याहून कठोर प्रहार तिच्या या समर्थकाने केले, आणि तरीही तो तिचा समर्थक राहिला. कारण हे सर्व दोष दाखवता आले ते कागदाने आपले हिशेब उघडे ठेवले म्हणूनच. चाळीसच्या रेषेवर वाद घालता येतो. वैद्याच्या मनातली रेषा कोणाला दिसत नाही. दुसऱ्या बाजूने, चीनमधील त्या तेहतीस प्रश्नांच्या आवृत्तीत अखेरचे दोन प्रश्न जिभेवरच्या जाड, चिकट थराचे व जिभेखालच्या काळवंडलेल्या शिरांचे आहेत, जे तपासणाऱ्याला स्वतः पाहून भरता येतात, आणि मध्येच पोटाचा घेर व वजन-उंचीचे प्रमाणही मोजून घातले जाते. ज्यांनी हा कागद घडवला त्यांनाही केवळ जबानीवर निवाडा देणे जड गेले असावे, असा माझा तर्क आहे. भाचीला हे दोन प्रश्न फार प्रिय आहेत.

भाची : मामा, तुम्ही यथार्थतेची जी अट घालता ती आधुनिक वैद्यकाने तरी कोठे पाळली? न्यूयॉर्क व लंडन येथील मनोविकारतज्ज्ञांची तुलना झाली तेव्हा, त्याच प्रकारच्या रोग्यांना न्यूयॉर्कमध्ये छिन्नमनस्कतेचे निदान किती तरी अधिक वेळा मिळते, असे 1972 च्या सुमारास उघड झाले. त्यावर उपाय काय केला? 1980 मध्ये लक्षणांच्या याद्या ठरवून दिल्या. म्हणजे वजने एकमेकांशी जुळवली. त्या शास्त्राला मुदत मिळाली, आम्हाला का नाही? शिवाय आमच्या पाठ्यपुस्तकांतली लक्षणसमूहांची ही नीटनेटकी यादी फार जुनी आहे असेही कोणी समजू नये. 1956 मध्ये बेइजिंग, शांघाय, ग्वांगझू आणि छंगतू येथे सरकारने चार महाविद्यालये काढली, हजारो विद्यार्थ्यांना एकाच धर्तीवर शिकवायचे ठरले, तेव्हा तिला हे रूप आले. त्यापूर्वी गुरुपरत्वे भेद असे आणि त्याची कोणाला खंत नव्हती.

मामा : मुदत जरूर घ्यावी, पण मुदतीत काय करणार ते सांगावे. आपल्याकडेही हाच प्रश्न दारात उभा आहे. प्रकृतिपरीक्षणाचे तक्ते शिबिराशिबिरांतून वाटले जातात. पुण्याच्या सी-डॅकने तर आयुसॉफ्ट नावाची संगणकप्रणालीच तयार केली. वात, पित्त, कफ यांचे गुण मांडणाऱ्या प्रत्येक तक्त्याला मी हेच विचारीन की, तू सांगितलेस त्याप्रमाणे वागल्याने रोग्याचे काही निराळे झाले का?

भाची : त्याचे एक उत्तर माझ्यापाशी आहे. ते कागदाचे नाही, वैद्याचे आहे. पण तुमच्या अटीत बसते. सिडनीमध्ये आतड्याच्या जुनाट विकाराच्या एकशे सोळा रोग्यांवर प्रयोग झाला, 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकून तीन गट केले. एका गटाला सर्वांना सारखाच असा ठराविक चिनी औषधांचा योग, दुसऱ्याला वैद्याने प्रत्येकाची लक्षणे पाहून बांधलेला स्वतंत्र योग, तिसऱ्याला औषध नसलेल्या पोकळ गोळ्या. कॅप्सुली दिसायला सारख्या. कोणाला काय मिळते हे रोग्यालाही ठाऊक नाही व तपासणाऱ्यालाही नाही. सोळा आठवडे उपचार चालले. ठराविक योगवाले आणि स्वतंत्र योगवाले, दोघेही पोकळ गोळ्यावाल्यांपेक्षा बरे झाले.

मामा : म्हणजे निदान न करताही गुण आला.

भाची : हो, आणि ते माझ्या जिव्हारी लागते, कारण स्वतंत्र योग ठराविकापेक्षा त्या वेळी सरस ठरला नाही. पण औषध थांबवल्यावर चौदा आठवड्यांनी पुन्हा पाहिले, तेव्हा सुधारणा टिकली होती ती केवळ स्वतंत्र योगाच्या गटात. एकाच प्रयोगावर मी इमारत उभारणार नाही. पण निदानाला काही किंमत आहे की नाही, हे विचारण्याची खरी जागा मला येथे दिसते. दोन वैद्य जुळतात का, यापेक्षा निदान पाळल्याने व न पाळल्याने रोग्यात फरक पडतो का, हे विचारावे. आणि उपचार थांबल्यानंतरही विचारावे.

मामा : आता आपण एका वाटेवर आलो. या कागदाचीही परीक्षा तशीच घेऊ. मसुदा मी सांगतो. रोगी आला की एका खोलीत त्याने साठ प्रश्न भरावेत. दुसऱ्या खोलीत तू त्याला नेहमीप्रमाणे तपासावेस, आणि कागद न पाहता आपले निदान लिहून मोहोरबंद लखोट्यात घालावेस. नंतर दोन्ही उघडावे. जेथे तुझे व कागदाचे एकच आले ते रोगी बाजूला. त्यांच्यावरून तुमच्यापैकी श्रेष्ठ कोण हे कधीच कळणार नाही. जेथे फरक पडला तेवढेच रोगी घ्यावेत, आणि कोणाच्या निदानाप्रमाणे उपचार व्हावा, यासाठी चिठ्ठी टाकावी. रोग्याला कोणती चिठ्ठी निघाली हे ठाऊक नसलेल्या तिसऱ्याच डॉक्टरने परिणाम मोजावा, उपचार संपताना एकदा व त्यानंतर काही महिन्यांनी पुन्हा एकदा.

भाची बराच वेळ बोलली नाही. ‘फरक पडला तेवढेच रोगी’ ही कल्पना मलाही नवी होती, आणि ती जितकी साधी तितकीच नेमकी आहे असे मला वाटते. वैद्याच्या कौशल्याचा सारा दावा याच रोग्यांवर उभा असतो.

भाची : तो दुसरा रोगी आठवा, मामा, तळवे गार, पोट ऊन, जीभ लाल. कागद म्हणणार यांग-क्षीण, शेक द्या. माझ्या लखोट्यात लिहिलेले असणार, ऊब कोंडली आहे, शेक देऊ नका. चिठ्ठी कागदाच्या बाजूने निघाली तर ती धुमसती कांडी माझ्या हाताने मी त्याच्या पोटावर धरायची?

मामा : तुला ठाऊक आहे की अपाय होईल, की तुला तसे वाटते?

भाची : माझ्या दृष्टीने त्यात अंतर नाही. रोगी माझ्यावर विश्वासून आलेला असतो.

मामा : असे रोगी वगळलेस, तर ज्यांच्याबाबत तू कागदाहून शहाणी आहेस असे म्हणतेस नेमके तेच प्रयोगातून गेले. मग उरले काय?

या प्रश्नावर दोघांचे अखेरपर्यंत जमले नाही, आणि दोघांपैकी कोणाचेही म्हणणे मला हलके वाटत नाही. चिठ्ठीचा आग्रह मामांचा आहे व मी त्याच्या बाजूचा आहे. परंतु उपचार करणाऱ्याला थांबण्याची मुभा असलीच पाहिजे, हे भाचीचे म्हणणे मला तितकेच मान्य आहे. सध्याच्या मसुद्यात तिच्या सूचनेवरून दोन कलमे वाढवली आहेत. पहिले असे की, लखोट्यात निदानाबरोबर आपली खात्री किती, हेही वैद्याने एक ते पाच या प्रमाणात लिहावे, म्हणजे कागदाला जसे गुण पडतात तसे वैद्याच्या निश्चयालाही पडतील आणि निश्चय व परिणाम यांचा मेळ बसतो की नाही, हे स्वतंत्रपणे पाहता येईल. दुसरे असे की, झोप उडणे, तोंड कोरडे पडणे, डोके चढणे यांपैकी कोणती चिन्हे किती दिवस टिकली असता शेक बंद करावयाचा, हे पहिला रोगी येण्यापूर्वीच लिहून ठेवावे, आणि बंद केलेला प्रत्येक उपचार कागदाच्या खात्यात अपयश म्हणून मांडावा. मामांना या दुसऱ्या कलमातील शेवटचे वाक्य मान्य नाही. जिने निदान केले तिच्याच हाती थांबवण्याचा अधिकार राहिला, तर अपयश ठरवणारीही तीच होते, असा त्यांचा आक्षेप आहे; हा अधिकार परिणाम मोजणाऱ्या तिसऱ्या डॉक्टरकडे द्यावा असे ते म्हणतात, आणि त्या डॉक्टरला चिनी वैद्यक येत असावे की नसावे यावर त्यांची चर्चा अद्याप चालू आहे.